परंड्याची तोफ आणि दहा सेकंदांची कांडी

परंड्याच्या किल्ल्यातून १६३२ साली एक तोफ गेली, ती परत आली नाही. मलिक-ए-मैदान. आज ती विजापूरच्या शेरझा बुरुजावर आहे. पर्यटक तिच्या सिंहाच्या जबड्यात डोकं घालून फोटो काढतात, गाईड तिचं वजन ५५ टन सांगतो. ती काही काळ आपल्या जिल्ह्यात होती, हे आपल्याच शाळांमधल्या पोरांना विचारलं तर दहातल्या नवांना सांगता येत नाही. मी विचारून बघितलंय.

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. तोफेवरून सुरू होऊन भट्टीपर्यंत जाणार आहे. ज्यांच्या घरचं कुणी पुण्याला, कोल्हापूरला, जालन्याला फाउंड्रीत किंवा स्टीलच्या कारखान्यात कामाला आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी.

तोफ ओतली गेली अहमदनगरला, १५४९ साली, बुरहान निजामशहाच्या काळात. ओतणाऱ्याचं नाव तोफेवरच कोरलेलं आहे, मुहम्मद बिन हुसेन रूमी. रूमी म्हणजे तुर्कांच्या मुलखातला. त्या काळी दख्खनच्या सुलतानांना तोफखान्यासाठी तिकडचे कारागीर लागायचे, आणि चांगला ओतारी मिळाला तर त्याला मानानं ठेवून घ्यायचे. पुढे १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतलं, तेव्हा मलिक अंबरनं दुसऱ्या मुर्तझाला गादीवर बसवलं ते परंड्यात. म्हणजे आपलं परंडा काही काळ चक्क निजामशाहीची राजधानी होतं. नंतर किल्ला आदिलशाहीकडे गेला, आणि मुरार पंडितानं ही तोफ विजापूरला नेली. साधारण दोनशे किलोमीटर, मध्ये भीमा. शेकडो बैलजोड्या आणि वर हत्ती लावले होते असं सांगतात. रस्त्याची अवस्था कशी असेल ते परंडा-बार्शी रोडवरून आज जाणाऱ्यानं स्वतःच ठरवावं.

१८५४ साली इंग्रज अधिकाऱ्यानं ही तोफ भंगार म्हणून विकायला काढली. बोली आली १५० रुपयांची. मग वरून आदेश आला आणि विक्री थांबली, म्हणून ती आज आहे.

आता मुद्द्यावर येतो. या तोफेच्या धातूची तपासणी इंग्रजी काळात झाली. सुमारे ८० भाग तांबं आणि २० भाग कथील. हे मिश्रण तोफेचं नाही, हे घंटेचं. आपल्याकडे ज्याला कासं म्हणतात त्याच्या जवळचं. तोफेला साधारण आठ-दहा टक्के कथील पुरतं. कथील जास्त झालं की धातू कडक होतो, नाद छान देतो, पण ठिसूळ होतो. मलिक-ए-मैदानवर टिचकी मारली तर घंटेसारखी वाजते. तरीही ती फुटली नाही. पावणेपाचशे वर्षं उन्हापावसात आहे.

एवढा रस एका भट्टीत मावत नाही. अनेक भट्ट्या एकाच वेळी तयार पाहिजेत, सगळ्यांचा रस एका साच्यात, मध्ये खंड न पडता गेला पाहिजे. एका भट्टीचा रस बिघडलेला असला तर संपूर्ण तोफ वाया. आणि रस बिघडलाय हे त्या रूमीला कसं कळणार? थर्मामीटर नाही, प्रयोगशाळा नाही. डोळा, नाक आणि अनुभव.

बिघडणं म्हणजे काय, हे नीट सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्यावरच आहे. वितळलेला धातू हवेतला वायू पितो. पाण्यात साखर विरघळावी तसा ऑक्सिजन आणि हायड्रोजन त्याच्यात विरघळतो. धातू गरम आणि पातळ असेपर्यंत वायू आत गप्प बसतो. थंड होताना धातूला तो धरून ठेवता येत नाही, मग तो बुडबुडे होऊन बाहेर पडायला बघतो. बाहेर पडायच्या आत धातू गोठला की बुडबुडा तिथंच अडकतो. वरून वस्तू गुळगुळीत, आतून पोकळ. फाउंड्रीत याला ब्लो होल म्हणतात. तोफेत असा ब्लो होल असला तर शत्रूच्या आधी आपलाच गोलंदाज जायचा.

तांब्याचं काम करणाऱ्यांनी यावर एक उपाय फार पूर्वी शोधला होता. ओल्या लाकडाची खांबोळी वितळलेल्या तांब्यात खुपसायची. लाकूड जळताना निघणारा वायू रसातला ऑक्सिजन ओढून नेतो. किती वेळ खुपसायची? त्याचीही परीक्षा होती. थोडा रस छोट्या साच्यात ओतायचा आणि गोठताना त्याचा माथा बघायचा. माथा मध्ये खचला तर ऑक्सिजन अजून जास्त आहे. फुगून वर आला तर लाकूड जास्त झालं, आता हायड्रोजन शिरला. सपाट राहिला तर बरोबर. नमुना मोडून बघितला तर आतला रंगही बोलतो, विटेसारखा मळका लाल असेल तर अजून थांबा, गुलाबी रेशमासारखा असेल तर ओता. ही परीक्षा विसाव्या शतकापर्यंत जगभरच्या तांब्याच्या कारखान्यांत चालू होती. माझ्या मते हासुद्धा सेन्सरच. फक्त तो माणसाच्या डोळ्यात बसवलेला होता, त्यामुळे त्या माणसाला मोल होतं.

यंत्रातला सेन्सर आला तो वेगळ्याच वाटेनं, दिव्याच्या वाटेनं.

जर्मनीत वॉल्टर नेर्न्स्ट नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता, पुढे १९२० चं नोबेल मिळालेला. १८८९ मध्ये त्यानं एक समीकरण मांडलं. एकाच पदार्थाचं प्रमाण दोन बाजूंना वेगवेगळं असेल तर त्या फरकातून किती व्होल्ट वीज मिळते, याचं ते समीकरण. आज बीएस्सीच्या पोरांना ते पाठ असतं. नंतर १८९० च्या दशकाच्या शेवटी त्यानं एक दिवा काढला. काचेचा फुगा नाही, आतली हवा काढायची भानगड नाही, नुसती चिनीमातीसारखी एक बारीक कांडी. ती झिर्कोनियाची, म्हणजे झिर्कोनियम ऑक्साइडची होती, त्यात इट्रियमचं ऑक्साइड मिसळलेलं. थंड असताना तिच्यातून वीज जात नाही, आधी तापवावी लागते. तापली की वीज धरते आणि लख्ख उजेड देते. पुढे टंगस्टनच्या तारेचे बल्ब आले आणि हा दिवा मागे पडला.

दिवा गेला, पण प्रश्न राहिला. दगडासारख्या कोरड्या कांडीतून वीज जाते कशी? १९४३ मध्ये कार्ल वागनरनं उत्तर दिलं. झिर्कोनियाच्या रचनेत प्रत्येक झिर्कोनियममागे दोन ऑक्सिजन असतात. त्यात थोडा चुना, मॅग्नेशिया किंवा इट्रिया मिसळला की काही ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या राहतात. आपली धाराशिव-लातूर एसटी डोळ्यासमोर आणा. सगळी सीटं भरलेली असतील तर कुणी जागचं हलत नाही. चार सीटं रिकामी असली की लोक सरकत सरकत पुढे येतात. तसे तापलेल्या कांडीत ऑक्सिजनचे आयन रिकाम्या जागांवरून सरकतात. इलेक्ट्रॉन मात्र जवळपास सरकत नाहीत, आणि मापाला नेमकं हेच उपयोगी पडतं.

१९५७ मध्ये किउकोला आणि वागनर या दोघांनी याच घन पदार्थाचा सेल करून मोजमाप कसं करायचं ते दाखवलं. कांडीच्या एका बाजूला ऑक्सिजन किती आहे हे आपल्याला माहीत आहे. दुसऱ्या बाजूला किती आहे ते माहीत नाही. दोन्हीतल्या फरकाएवढे व्होल्ट तयार होतात. व्होल्ट मोजा, नेर्न्स्टच्या समीकरणात घाला, उत्तर मिळालं. १९६० च्या दशकात हे वितळलेल्या पोलादात करून बघायला सुरुवात झाली, आणि पुढच्या दशकात एकदा बुडवून फेकून द्यायची कांडी बाजारात आली.

तुमच्यापैकी ज्यांच्याकडे १ एप्रिल २०२० नंतरची, बीएस-सिक्स मोटरसायकल आहे, त्यांनी सायलेन्सरच्या पाइपाकडे एकदा वाकून बघा. वायर जोडलेला बोटाएवढा एक नट दिसेल. गॅरेजवाला त्याला ओटू सेन्सर म्हणतो. आतली चिनीमाती तीच, झिर्कोनियाची. गाडीत ती पहिल्यांदा १९७६ मध्ये स्वीडनच्या व्होल्वोत बसली. नेर्न्स्टच्या दिव्याची पणती आज वाशीच्या आठवडी बाजारात स्टँडवर उभी असते म्हणा की.

पोलादाच्या कांडीचं काम मात्र गाडीपेक्षा कितीतरी कठीण. १६०० अंशांच्या रसात ती बुडवायची. कांडी म्हणजे खरं तर पुठ्ठ्याची लांब नळी, टोकाला टोपी. टोपी वितळली की आतून पेन्सिलीपेक्षा बारीक झिर्कोनियाची नळी उघडी पडते. तिच्या आत क्रोमियम आणि क्रोमियम ऑक्साइडची पूड भरलेली असते. या जोडीचा ऑक्सिजन कोणत्या तापमानाला किती हे ठरलेलं असतं, म्हणून ती आपली ओळखीची बाजू. बाहेरचा रस ही अनोळखी बाजू. शेजारी तापमान मोजणारी प्लॅटिनमची तार. दहा सेकंदांच्या आत दोन आकडे येतात, अंश आणि मिलिव्होल्ट. मग पुठ्ठा जळतो, कांडी संपते. या तापमानाला रसात विरघळलेला ऑक्सिजन दहापट बदलला तर साधारण १८६ मिलिव्होल्टचा फरक पडतो. हिशेब नेर्न्स्टचाच आहे, कुणीही करून बघावा.

मोजायचं असतं ते पीपीएममध्ये. एका टनात एक ग्रॅम म्हणजे एक पीपीएम. आपल्या भाषेत, ज्वारीच्या एका क्विंटलमध्ये तीन-चार दाणे. मोठ्या स्टील प्लांटमध्ये रसात ऑक्सिजन फुंकून कार्बन जाळतात, त्यामुळे शेवटी काही शे पीपीएम ऑक्सिजन रसातच राहतो. तो काढायला ॲल्युमिनियम टाकतात. कमी टाकलं तर ओतल्यावर कार्बन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन वायू होतो, पुन्हा ब्लो होल. जास्त टाकलं तर पैसे गेलेच, वर ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचे खडे नॉझलमध्ये अडकतात आणि धार बंद पडते. कांडी यायच्या आधी हे अंदाजानं चालायचं. आता मोजून टाकतात आणि ऑक्सिजन चार-पाच पीपीएमपर्यंत खाली आणतात.

इथं कुणी म्हणेल, आमच्या कारखान्यात स्पेक्ट्रो आहे की. स्पेक्ट्रोमीटर चांगलाच, पण तो गोठलेल्या नमुन्यावर चालतो. नमुना काढा, थंड करा, घासा, मग मशीन. तेवढ्या वेळात भट्टीतला रस बदललेला असतो. शिवाय ऑक्सिजनच्या बाबतीत गोठलेला नमुना खडे होऊन बसलेला ऑक्सिजनही मोजतो आणि विरघळलेलाही. कांडी फक्त विरघळलेला, पुढे त्रास देणारा ऑक्सिजन सांगते, आणि रस पातळ असतानाच सांगते.

कोल्हापूरच्या फाउंड्रींचं दुखणं थोडं वेगळं. तिथं बिडाचं काम मोठं. एसजी आयर्न म्हणजे गोल ग्रॅफाइटचं बीड, हे जगासमोर आलं १९४८ मध्ये. त्यात मॅग्नेशियम ०.०३ ते ०.०५ टक्क्यांच्या आसपास राहावं लागतं. कमी पडलं तर ग्रॅफाइट गोल होत नाही आणि कास्टिंग गाडीखाली तुटतं. आणि हे मॅग्नेशियम रसात टिकत नाही, उडून जातं. दहा-पंधरा मिनिटांत ओतून मोकळं व्हावं लागतं. या मिनिटांच्या खेळात जुने मिस्त्री चिलचा नमुना मोडून त्याची धार किती पांढरी ते बघायचे. आता बिडासाठीही ऑक्सिजनच्या कांड्या निघाल्यात, कारण मॅग्नेशियम आणि ऑक्सिजन एकमेकांचे वैरी, एक मोजला की दुसऱ्याचा अंदाज येतो.

ॲल्युमिनियमवाल्यांचा शत्रू हायड्रोजन. पातळ ॲल्युमिनियम १०० ग्रॅमला सुमारे ०.७ मिलिलिटर हायड्रोजन धरतं, गोठल्यावर जेमतेम ०.०४. उरलेला जाणार कुठं? सुईच्या टोकाएवढी भोकं पाडतो. पावसाळ्यात हवेत बाष्प वाढलं की हा त्रास वाढतो. चाकणकडच्या गाड्यांच्या पार्टवाल्यांना जूननंतर रिजेक्शन का वाढतं विचारा, ते आभाळाकडे बोट दाखवतील. हायड्रोजनसाठी झिर्कोनिया चालत नाही. १९८१ मध्ये जपानमध्ये इवाहारा यांनी प्रोटॉन वाहून नेणारी सिरॅमिक्स दाखवली, आणि त्याच घराण्यातल्या कॅल्शियम झिर्कोनेटच्या कांड्या आज वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये बसतात.

सगळ्यात बारीक मोजणी मात्र आपल्याच देशात, तमिळनाडूच्या कल्पाक्कमला होते. तिथं फास्ट ब्रीडर अणुभट्टी ऑक्टोबर १९८५ मध्ये सुरू झाली. तिच्यातली उष्णता बाहेर काढायला पाणी नाही, वितळलेलं सोडियम वापरतात. पुढे त्या सोडियमच्या उष्णतेवर पाण्याची वाफ करतात, मध्ये फक्त पोलादाची नळी. नळीला सुईएवढं छिद्र पडलं तर काय होईल? शाळेत सोडियमचा तुकडा पाण्यात टाकून दाखवलेला ज्यांना आठवतो त्यांना सांगायला नको. छिद्र पडलं की पहिली खूण म्हणजे सोडियममध्ये वाढणारा हायड्रोजन, आणि तो पीपीबीत, म्हणजे पीपीएमच्याही हजाराव्या हिश्श्यात, पकडावा लागतो. ज्वारीच्याच हिशेबात, तीनशे क्विंटलमध्ये एक दाणा. कल्पाक्कमच्या शास्त्रज्ञांनी यासाठी कॅल्शियमच्या हायड्राइड-ब्रोमाइड क्षारांचा विद्युत-रासायनिक सेन्सर स्वतः बनवला, आणि तो फ्रान्सच्या फेनिक्स अणुभट्टीतही तपासून बघितला गेला. आपल्याकडची गोष्ट फ्रान्सला तपासणीला गेली, ही बातमी आपल्या पेपरांत किती इंचांची आली असेल? आमचाच धंदा, म्हणून बोलतो.

आता आपल्या पोरांकडे येतो.

भूम तालुक्यातला एक मुलगा, नाव देत नाही, पुण्याकडच्या एका कारखान्यात कंत्राटावर आहे. कारखान्याचंही नाव देत नाही. दिवाळीला गावी आला होता तेव्हा बोलणं झालं. त्याचं काम म्हणजे लांब लोखंडी दांड्याला कांडी लावायची, लॅडलमध्ये बुडवायची, दिवा लागला की बाहेर काढायची. शिफ्टला कितीदा तरी. तीन वर्षं करतोय. मी विचारलं, काय मोजतोस? म्हणाला, “टेंपरेचर असंल. आकडा केबिनमध्ये दिसतो, आम्हाला नाही.” ऑक्सिजन हा शब्द त्याच्या कानावर कधी गेलाच नव्हता. ज्या रूमीनं तोफ ओतली त्याला रस वाचता यायचा म्हणून त्याचं नाव तोफेवर कोरलं गेलं. इथं रसाच्या सगळ्यात जवळ उभा राहणारा हा पोरगा, आणि रस काय म्हणतोय ते त्यालाच कुणी सांगितलेलं नाही.

यात नुसत्या मानपानाचा प्रश्न नाही. कांडीची नळी पुठ्ठ्याची असते. ती ओलसर झाली आणि १६०० अंशांच्या रसात गेली तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि रस उसळतो. म्हणून कांड्या कोरड्या जागेत ठेवाव्यात, पावसाळ्यात तर विशेष, हा साधा नियम आहे. त्याला हा नियम कुणी सांगितला का? “उडतो कधीकधी,” एवढंच तो म्हणाला आणि हातावरचे डाग दाखवले. भट्टीत ओलं भंगार गेल्यानं रस अंगावर उडाल्याच्या बातम्या मराठवाड्यातूनच किती येतात, मी स्वतः किती छापल्यात. मोठ्या कारखान्यांत आता कांडी बुडवायला रोबोट आलेत. छोट्या ठिकाणी अजून माणूसच स्वस्त पडतो.

आयटीआयला फाउंड्रीमन नावाचा एक वर्षाचा ट्रेड आहे. आपल्याकडची पोरं फिटर, इलेक्ट्रिशियन मागतात, त्यात चूक काही नाही. पण दुष्काळ पडला की गाव सोडणारी पोरं शेवटी पोचतात भट्टीवरच, आणि तिथं हेल्पर म्हणून लागतात. २०१८ पासून आपला जिल्हा केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. कौशल्य विकासाच्या बैठका होतात, फोटो येतात, मी त्या कव्हरही करतो. पुढच्या बैठकीत मी हाच प्रश्न विचारणार आहे, की आपल्या जिल्ह्यातली किती पोरं फाउंड्री आणि स्टीलच्या भट्ट्यांवर आहेत, आणि त्यातल्या किती जणांना कामावर जायच्या आधी आठ दिवसांचं तरी शिक्षण दिलं गेलं. उत्तर मिळालं तर इथंच लिहीन.

तोपर्यंत एक काम करा. तुमच्या घरातलं, भावकीतलं कुणी भट्टीवर असेल तर आज रात्री फोन करून तीन गोष्टी विचारा. कांड्या कुठं ठेवतात, पाऊस लागतो का तिथं? बुडवताना अंगावर काय असतं, चेहऱ्यावर काच असते का? आणि केबिनमधला तो दुसरा आकडा कशाचा, हे कधी कुणी सांगितलं का? काय उत्तर येतं ते मला कळवा. नाव छापणार नाही.